सुईचं नेढं आणि सासूबाईंची वही



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपण उत्तम शौच आणि उत्तम आकिंचन्य यांवर बोलतो. शौच म्हणजे लोभाचा मळ धुणं, आकिंचन्य म्हणजे 'माझं काही नाही' हा भाव. या वर्षी त्याच विषयावर लिहायचं आहे, पण वाट थोडी वेगळी आहे. ख्रिस्ती धर्मात धनाबद्दल, पूजेबद्दल आणि विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दल काय सांगितलं आहे, ते मी आमच्या शेजारच्या सिस्टरांकडून ऐकलं. ते ऐकताना आपल्याच रत्नकरंड श्रावकाचारातल्या कथा मला नव्याने कळल्या. त्याच काळात आमच्या घरात पैशाचा एक मोठा प्रश्न उभा होता, म्हणून ते नुसतं ऐकण्यावर राहिलं नाही.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. आमच्या मेहकरच्या गल्लीत त्यांचं एकच ख्रिस्ती घर. त्यांचे पणजोबा दुष्काळात पोरके झालेले, मिशनने वाढवलेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतून आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने आपल्या वऱ्हाडात काम सुरू केलं. अकोला, खामगाव, बुलढाणा या भागांत त्यांची केंद्रं होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळलं, तेव्हा अनेक पोरक्या लेकरांना मिशनच्या अनाथालयांत आसरा मिळाला. आज जिल्ह्यातल्या काही ख्रिस्ती कुटुंबांची मुळं तिथवर जातात. बाकी बोली आमचीच, भाकरी-ठेचा आमचाच, पोळ्याला बैल बघायला रस्त्यावर येणं आमच्यासारखंच.

चातुर्मासात दुपारी सासूबाईंकडे स्वाध्याय असतो. चार बायका जमतात. सिस्टर एकदा सासूबाईंचं बीपी तपासायला आल्या आणि बसल्या. मग रोजच येऊ लागल्या. आमच्याकडे गाळलेलं पाणी आणि मुगाचं धिरडं, सूर्यास्ताच्या आत. त्या म्हणाल्या, "तुमचं ऐकते, तर माझंही थोडं ऐका." सासूबाई म्हणाल्या, "ऐकल्यानं कोणाचं काय जातं? अनेकांत काय फक्त पोथीत ठेवायचा?"

धनाची गोष्ट

पहिल्या दिवशी सिस्टरांनी श्रीमंत तरुणाची कथा सांगितली. एक सज्जन तरुण येशूकडे आला. सगळे नियम पाळणारा होता. आणखी काय करू, असं त्याने विचारलं. येशूने त्याला सांगितलं की तुझं आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुण खिन्न होऊन निघून गेला, कारण मालमत्ता फार होती. त्यावर येशूने शिष्यांना उंटाची आणि सुईच्या नेढ्याची उपमा दिली. श्रीमंताला देवाच्या राज्यात शिरणं त्याहून अवघड.

सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं. सैतवाळांच्या घरात कापड आणि सुई ही जुनीच ओळख आहे. त्या म्हणाल्या, "अहो, आता मला दोरासुद्धा ओवता येत नाही, उंट कुठला ओवू?" सगळ्या हसल्या. पण मग त्यांनीच विचारलं, "त्या पोराला सगळंच का सोडायला सांगितलं? निम्मं चाललं नसतं?"

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला, कारण आपल्याकडे याचं उत्तर दोन पायऱ्यांवर दिलेलं आहे. मुनी सगळं सोडतात, अंगावरचं वस्त्रसुद्धा. ते महाव्रत. श्रावकाला मात्र मर्यादा घालायची असते. आचार्य समंतभद्रांनी त्याला परिमितपरिग्रह म्हटलं आणि त्याचंच दुसरं नाव इच्छापरिमाण. नाव बघा. वस्तूंचं परिमाण आहेच, पण खरं परिमाण इच्छेचं. ख्रिस्ती कथेतही सगळ्यांना एकच माप नाही. त्या तरुणाला सगळं सोडायला सांगितलं. पण जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट वेगळी. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा त्याने आपण होऊन निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं आणि ज्यांना फसवलं असेल त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. त्याला 'उरलेलं निम्मंही दे' असं येशूने म्हटलं नाही.

आणखी एक कथा तर आपल्या कथेची सख्खी बहीण. एका शेतकऱ्याला भरघोस पीक आलं. कोठारात मावेना. त्याने ठरवलं, जुनी कोठारं पाडू, मोठी बांधू आणि मग वर्षानुवर्षं खाऊन-पिऊन मजा करू. त्याच रात्री त्याचा जीव गेला. मी लगेच श्मश्रुनवनीताची कथा सांगितली. ताक पिताना मिशीला लागलेलं लोणी तो जमवत गेला. तुपाचं मडकं भरलं. शेकोटीजवळ खाटेवर पडून स्वप्न बघू लागला: हे विकीन, व्यापार वाढवीन, राजा होईन, राणी पाय चेपायला येईल, मी तिला लाडाने पाय मारीन. पाय मारला तो मडक्याला लागला. तूप आगीत सांडलं, भडका उडाला आणि तो त्यातच गेला. सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे कोठार, तुमच्याकडे मिशी!" पण दोन्हीकडे मरण एकच. दोघांनीही चोरी केली नव्हती. कष्टाचं पीक होतं आणि मिशीतलं लोणी होतं. 'पुरे' हा शब्द मात्र दोघांकडेही नव्हता.

समृद्धीचा पैसा

आता आमच्या घरचं सांगते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांमधून. सातशे एक किलोमीटरच्या त्या रस्त्यात आमच्या सासूबाईंच्या नावावरचं अडीच एकर वावर गेलं. माहेरहून मिळालेलं, विहिरीचं, काळ्या मातीचं. मोबदला चांगला मिळाला. आकडा लिहीत नाही, पण आमच्या घराने एवढी रक्कम एकत्र कधी पाहिली नव्हती.

अडचण अशी की सासूबाईंचं परिग्रहपरिमाण व्रत. सासरे गेले त्या वर्षी त्यांनी आर्यिका माताजींसमोर ते घेतलं. एका शाळेच्या वहीत लिहून ठेवलं: रोख एवढी, सोनं एवढे तोळे, लुगडी बारा, भांडी इतकी, घर एक, वावर हेच. त्या काळी ती मर्यादा ऐसपैस वाटली होती. मोबदल्याने ती कितीतरी पटीने ओलांडली.

घरात तीन मतं पडली. आमच्या ह्यांचं म्हणणं, व्रत घेतलं तेव्हाचा रुपया आणि आजचा रुपया एक नाही. महाराजांना विचारून मर्यादा वाढवून घेऊ. भाऊजींचं म्हणणं, पैसा दोघा भावांच्या नावावर करून टाका, आईचं व्रतही राहील आणि पैसाही घरात राहील. शिवाय आमच्या ओळखीच्या एका मंदिरात नवी वेदी होत होती. मूलनायक भगवान विराजमान करण्याची बोली आपल्या घराने घ्यावी, संगमरवरावर आईबाबांचं नाव लागेल, असंही त्यांच्या मनात होतं. तिसरं मत आमच्या लेकीचं. ती पुण्याला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "मर्यादा वाढवायची असेल तर मग व्रत कशाला म्हणायचं? आणि बोली लावून देव बसवायचा, म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने तो लांबून बघायचा का?" आणि वर, सगळ्यांसमोर, "माझा तर या कशावरच विश्वास राहिलेला नाही."

त्या वाक्यानंतर घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. पैशाचा प्रश्न एका बाजूला राहिला आणि लेकीच्या अविश्वासाचा प्रश्न त्याहून मोठा झाला.

दोन नाणी आणि एक पाकळी

पूजेबद्दल सिस्टरांनी सांगितलेली कथा बहुतेकींना ठाऊक असेल. मंदिरातल्या दानपेटीसमोर येशू बसला होता. श्रीमंत मोठमोठी दानं टाकत होते. एका गरीब विधवेने दोन अगदी लहान नाणी टाकली. येशूने शिष्यांना सांगितलं की तिचं दान सर्वांत मोठं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं आणि तिने पोटातलं दिलं.

सासूबाई म्हणाल्या, "आमचा बेडूक!" आणि त्यांनी सिस्टरांना कथा सांगितली. नागदत्त शेठ मेला तो संसाराच्या चिंतेत, म्हणून आपल्याच घरच्या विहिरीत बेडूक होऊन जन्मला. भगवान महावीरांचं समवसरण विपुलाचलावर आलं. राजा श्रेणिक हत्तीवरून लवाजम्यासह दर्शनाला निघाला. बेडकालाही भाव झाला. तो तोंडात कमळाची पाकळी धरून उड्या मारत निघाला. वाटेत हत्तीच्या पायाखाली चिरडला. पण पूजेच्या भावात मेला म्हणून देव झाला आणि श्रेणिकाच्या आधी समवसरणात पोचला. राजाने पाहिलं तर त्या देवाच्या मुकुटावर बेडकाचं चिन्ह. शेठ असताना जे साधलं नाही, ते पाकळीने साधलं.

दोन्ही कथांत फरकही आहे, तो झाकू नये. विधवेचं दान देवाने पाहिलं, त्याला ते आवडलं. आपला जिन काही पाहून खूश होत नाही आणि काही देतही नाही. पूजा करायची ती त्यांचे गुण आपल्यात यावेत म्हणून. मग पहिल्या कलशाचा मान कोणाला मिळाला, याने जिनाला काय फरक पडणार? फरक पडतो तो मान घेणाऱ्याला.

यावर आमचे हे म्हणाले ते मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. बोलीच्या पैशातूनच मंदिराचं वीजबिल भरतं, पुजाऱ्याचा पगार होतो, विहारातल्या साधूंची व्यवस्था लागते. हे खरंच आहे. सिस्टरही म्हणाल्या, "आमच्याकडेही थैली फिरते, बाकावर देणगीदाराचं नाव असतं. मी पेन्शनचा दशांश देते." त्यावर सासूबाईंनी विचारलं, "दहावा भाग देवाचा, मग नऊ भाग कोणाचे?" सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "तिथंच तर सगळं अडतं, आई." मग त्यांनी सांगितलं की येशूने काही धार्मिक पुढाऱ्यांना यावरूनच खडसावलं होतं. ते पुदिना, शेपू, जिरं यांचासुद्धा दहावा भाग मोजून द्यायचे आणि न्याय अन् दया मात्र विसरायचे. दशांश देणं चुकीचं नव्हतं, पण त्याच्या आड बाकीचं लपवणं चुकीचं होतं.

पूजा कुठे करायची यावरही त्यांच्याकडे एक गोष्ट आहे. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईने येशूला विचारलं, आमचे पूर्वज या डोंगरावर भजत आले, तुम्ही यरुशलेम म्हणता, खरं ठिकाण कोणतं? त्याने सांगितलं की खरी भक्ती ठिकाणावर नाही, आत्म्याने आणि सत्याने करायची असते. हे ऐकून आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघू लागलो. कारण शेजारच्या वाशीम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आहे. दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही पंथांचं श्रद्धास्थान. दोघांच्या वादात मूर्ती चार दशकं कुलपाआड राहिली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडलं, तरी वाद पुरता मिटला नाही. आम्ही लहानपणी झरोक्यातून दर्शन घेतलेल्या बायका. कोणाचं बरोबर, हे मी इथे सांगत नाही. पण भगवान आत आणि दोन्हीकडचे भक्त बाहेर, हे चित्र त्या विहिरीवरच्या बाईला दाखवलं असतं तर तिला आपला प्रश्न पटकन कळला असता.

सालदाराचा वाटा

जक्कयची कथा सासूबाईंच्या डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "त्यानं देवळाला काही दिलं नाही. ज्यांचं होतं त्यांना दिलं. आपल्या वावरात कोणाचं काय आहे?"

उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्या वावरात एकच सालदार कुटुंब एकोणीस वर्षं राबलं. पाडव्याला साल ठरायचं. विहीर खोल केली तेव्हा तो उतरला होता. तूर-कपाशीच्या वेचणीला त्याची बायको आणि सून असायची. मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावरच्या नावाला. सालदाराचं नाव सातबाऱ्यावर नसतं. मोजणीची माणसं खुणा करून गेली, त्या संध्याकाळी तो ओसरीवर आला होता आणि एवढंच म्हणाला होता, "मंग आता आमचं कसं, माय?" त्या वेळी उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं, कारण पैसाही आला नव्हता. आता आला होता.

सासूबाईंनी दोघा मुलांना समोर बसवलं. वही आणली. मर्यादा वाढवायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत. जमीन-घर, सोनं-चांदी, गुरं-धान्य, नोकर-चाकर, कपडा-भांडं यांचं ठरलेलं माप ओलांडणं. वाढलेलं नवं माप लिहून घेणं म्हणजे तेच ओलांडणं, फक्त शाईने, असं त्या म्हणाल्या. सगळं मुलांच्या नावावर करण्यावर त्यांचं उत्तर होतं, "हात बदलला, मूठ तीच राहिली."

मग त्यांनी वाटणी सांगितली. वहीतल्या मर्यादेइतकं त्यांच्या नावावर. मुलांना वडिलोपार्जित म्हणून एक हिस्सा, पण त्या दोघांनीही आधी आपापली मर्यादा लिहायची आणि मगच घ्यायचा. एक हिस्सा सालदाराच्या कुटुंबाला, दीड एकर कोरडवाहू वावर त्यांच्या नावावर घेता येईल इतका. राहिलेलं चार प्रकारच्या दानांत: आहार, औषध, शास्त्र, अभय. मंदिराच्या वेदीला रक्कम द्यायची, पण बोलीतून नाही, पेटीतून आणि बिननावाची.

भाऊजी उठून गेले. त्यांना वाईट वाटलं, आणि मला त्यांचं वाईट वाटणं समजतं. आईबाबांचं नाव दगडावर असावं यात नुसता गर्व नसतो, प्रेमही असतं. ते महिनाभर आमच्याकडे जेवायला आले नाहीत. पुढे आले. आजही तो विषय निघाला की ते गप्प होतात. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही.

सालदाराच्या नावाची खरेदी, बँक, स्टॅम्प, तलाठ्याकडचे फेरे हे सगळं काम कोणी केलं? आमच्या विश्वास नसलेल्या लेकीने. सुट्टी आठ दिवसांनी वाढवून.

विश्वास न ठेवणं

आता सर्वांत अवघड भाग. माणूस विश्वास का ठेवत नाही?

सिस्टरांनी दोन कथा सांगितल्या. पहिली पेरणाऱ्याची. काही बी वाटेवर पडलं, पाखरांनी खाल्लं. काही खडकाळ जागी पडलं, उगवलं आणि उन्हात करपलं. काही काट्यांत पडलं, काट्यांनी दाबून टाकलं. काही चांगल्या जमिनीत पडलं, तिथे पीक आलं. येशूने काट्यांचा अर्थ सांगितला तो संसाराची चिंता आणि धनाचा मोह. वऱ्हाडातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मुरमाड जमीन आणि कुंद्याने भरलेलं वावर आपण रोज बघतो.

दुसरी कथा श्रीमंत माणसाची आणि त्याच्या दारात पडलेल्या लाजर नावाच्या भिकाऱ्याची. मेल्यावर श्रीमंत यातनेत पडला. त्याने विनवलं की माझ्या पाच भावांना सावध करायला लाजराला पाठवा. उत्तर मिळालं की जे धर्मग्रंथांचं ऐकत नाहीत, ते मेलेला उठून आला तरी मानणार नाहीत. म्हणजे पुरावा कमी म्हणून विश्वास नाही, असं नेहमी नसतं. ऐकलं तर दारातला भिकारी दिसेल, आणि दिसला तर काहीतरी द्यावं लागेल, म्हणूनही माणूस ऐकत नाही.

आपल्याकडे याला मिथ्यात्व म्हणतात. एक अनादीपासूनचं आणि एक इथे येऊन शिकलेलं. दर्शनमोहनीय कर्माचा पडदा. सम्यग्दर्शन कोणाला आपसूक होतं, कोणाला उपदेशाने. ख्रिस्ती माणूस म्हणेल, देवाच्या कृपेने डोळे उघडतात. आपण म्हणू, जीवाच्या स्वतःच्या पुरुषार्थाने, काळ पिकल्यावर. इथे आपल्या वाटा खरोखर वेगळ्या आहेत आणि त्या उगाच एक करू नयेत. पण एका गोष्टीवर दोन्हीकडे एकमत दिसलं. विश्वास दुसऱ्यावर लादता येत नाही.

याचं मराठीतलं सर्वांत जिवंत उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या पाच वर्षं ख्रिस्ती झाल्या नाहीत. पुढे नवऱ्याजवळ राहायला गेल्या तरी सोवळं-ओवळं पाळत, स्वयंपाक वेगळा करत. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे की टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. जो मागेल त्याला ते देत आणि घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी. धनाबद्दल वैराग्य असलेल्या माणसाच्या बायकोला चूल पेटवायची असते, हे त्यांच्याइतकं मोकळेपणाने कोणी लिहिलेलं नाही. त्यांचा नकार हट्टाचा नव्हता, प्रामाणिक होता. एके दिवशी त्यांच्या मनाने घेतलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत. शिवाशीव सुटली ती कोणी वाद घातला म्हणून नाही. १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. आणि टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरीही सोडली.

मी आणि तुम्ही जैन आहोत. लक्ष्मीबाई कुठून कुठे गेल्या, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की एका घरात दोन श्रद्धा राहिल्या, आणि घर राहिलं.

आपल्या सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत सहावं अंग स्थितीकरण. डळमळणाऱ्याला सावरणं. त्याची कथा वारिषेण मुनींची. त्यांचा मित्र पुष्पडाल मुनी झाला, पण मन घरी बायकोपाशी. वारिषेणांनी त्याला हाकललं नाही, चारचौघांत उघडं पाडलं नाही. वर्षानुवर्षं बरोबर ठेवलं आणि वेळ आली तेव्हा त्याला आपल्या राजवाड्यात नेऊन आपण काय सोडून आलो ते दाखवलं. पुष्पडाल तिथे सावरला. सासूबाई म्हणतात, सावरणाऱ्याने आधी स्वतः काहीतरी सोडलेलं असावं लागतं. नाहीतर दाखवणार काय?

आमची लेक आता नोकरीला आहे. ती देवळात येत नाही. णमोकार म्हणते का, मी विचारत नाही. दशलक्षणात घरी असली तर रात्रीचं जेवत नाही. ती म्हणते, आजीसाठी. सालदाराच्या वावरात पहिली तूर आली तेव्हा त्याच्या सुनेने पायलीभर डाळ भरडून आणली, ती तिने पुण्याला नेली. गेल्या पाडव्याला तिने मला एक फोटो पाठवला. एका वहीचं पान. वर तिचं नाव, खाली यादी: बचत एवढी, कपडे एवढे, मोबाइल एक, स्वतःचं घर एकच. कुठेही व्रत हा शब्द नाही, देवाचं नाव नाही. खाली लिहिलंय, "यापेक्षा जास्त आलं तर आजीला विचारायचं."

सासूबाईंनी चश्मा लावून ते पान दोनदा वाचलं. सिस्टरांनाही दाखवलं. विश्वास म्हणायचा की नाही, यावर दोघींचं एकमत झालं नाही. मग सूर्य कलला आणि आम्ही जेवायला बसलो.

या पर्वात शौचाच्या दिवशी एक वही घ्या, मैत्रिणींनो. कपाटातल्या साड्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. आकडा लिहिताना हात कुठे थांबतो, तेवढं बघा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.